उशाशी बसलेले माणूस

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया, तह आणि सनावळ्या यांचीच आठवण आपणांस होते. माणसाच्या दुखण्यालाही इतिहास असतो, हे सहसा ध्यानी येत नाही. औषधांचा इतिहास लिहिला जातो, शस्त्रक्रियांचा लिहिला जातो, नामांकित वैद्यांची चरित्रेही निघतात; परंतु दुखणाइताच्या उशाशी रात्र रात्र बसणाऱ्या माणसाचा इतिहास कोणी लिहीत नाही. आज मला थोडेसे त्याच्याविषयी बोलायचे आहे. दाखल्यासाठी मी मूत्रपिंडाचा, म्हणजे आपण सारे ज्याला किडनीचा म्हणतो तो आजार घेतला आहे. या आजाराने घरातल्या माणसाला दुखण्यात जितके भागीदार करून घेतले आहे, तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या आजाराने केले असेल. भागीदारी आली की प्रश्न येतोच : निर्णय कोणाचा? डॉक्टरचा, घरच्यांचा, की ज्याचे शरीर आहे त्याचा?

हा प्रश्न आजचा वाटला तरी त्याचे मूळ जुने आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा. त्याला शुश्रूषेचे ज्ञान असावे, तो दक्ष असावा, रोग्यावर त्याची माया असावी आणि तो स्वच्छ असावा, असे त्याचे चार गुण तेथे दिले आहेत. ज्या ग्रंथाने शुश्रूषा करणाऱ्याला चिकित्सेचा चौथा हिस्सा मानले, त्याची दृष्टी थोर होती यात शंका नाही. तथापि चारांमध्ये प्रमुख ठरविला तो वैद्यच. रोग्याने सांगितल्याप्रमाणे वागावे, भिऊ नये, आठवण शाबूत ठेवावी आणि आपले दुखणे नीट सांगावे, एवढी अपेक्षा त्याच्याकडून केली आहे. त्याने सांगावे असे आहे. त्याला विचारावे, असे मात्र त्या गुणांच्या यादीत नाही.

पुढे इंग्रजी अमदानीत रुग्णालये आली. १८४५ साली मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जमशेटजी जीजीभाई रुग्णालय सुरू झाले. या संस्थांनी आपल्याकडे जे केले त्याचे ऋण मोठे आहे. परंतु रुग्णालयाची शिस्त अशी की रोगी आत आणि आप्त बाहेर. भेटीची वेळ ठरलेली. घंटा झाली की निघायचे. उपस्थात्याची जागा परिचारिकेने घेतली आणि घरचे माणूस व्हरांड्यात बसले.

या ताटातुटीचे अत्यंत कठोर रूप महाराष्ट्राने १८९७ च्या प्लेगात पाहिले. त्या वर्षीच्या साथरोग कायद्याने सरकारला अमर्याद अधिकार दिले. पुण्यात शिपाई घरात शिरून दुखणाईत शोधू लागले आणि त्याला घरच्यांपासून तोडून नेऊ लागले. परिणाम काय झाला? लोकांनी आपली आजारी माणसे लपविली. नाशिकनेही पुढे त्या साथीची झळ सोसली. सरकारचा हेतू साथ आटोक्यात आणण्याचा होता आणि विलगीकरणाची गरज शास्त्राला धरून होती, हे आज आपण मान्य करू. पण ज्या निर्णयात घराला जागा नाही, तो निर्णय कितीही शास्त्रीय असला तरी घर त्याला दार लावून घेते, हा त्या साथीचा धडा आहे.

आता मूत्रपिंडाकडे वळू. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि दोन्ही मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक शरीरात परत घेतला जातो आणि उरलेले लिटर-दीड लिटर मूत्र होते. १८२७ साली लंडनच्या गाइज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी अंगावरची सूज, लघवीतील प्रथिन आणि बिघडलेले मूत्रपिंड यांचा संबंध दाखवून दिला. पुढे शंभर वर्षे या दुखण्याला ब्राइटचा रोग म्हणत. दुखण्याला नाव मिळाले, उपाय मात्र मिळाला नाही. त्या काळी ‘निर्णय कोणाचा’ हा प्रश्नच उद्भवत नव्हता. जेथे वाट एकही नाही, तेथे कोणती धरावी याचा विचार कोण करणार? निर्णयाचा जन्म पर्यायाबरोबर होतो.

पहिला पर्याय महायुद्धाच्या धामधुमीत, जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये निघाला. १९४३ साली कांपेन या लहान गावी विलेम कॉल्फ या तरुण डॉक्टरने लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळली, तिच्यातून रोग्याचे रक्त खेळविले आणि पिंप क्षारयुक्त पाण्यात फिरत ठेवले. रक्तातील विष पाण्यात उतरावे ही कल्पना. पहिले बहुतेक सर्व रोगी दगावले. १९४५ च्या सप्टेंबरात ६७ वर्षांची एक स्त्री बेशुद्धीतून जागी झाली. पण हे यंत्र थोड्या दिवसांच्या आणीबाणीपुरते होते. ज्याची मूत्रपिंडे कायमची गेली, त्याला त्याचा उपयोग नव्हता.

दुसरा पर्याय घरातूनच आला, आणि येथे आपल्या कथेतील माणूस व्हरांड्यातून उठून थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर आला. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे जोसेफ मरे यांनी रॉनल्ड हेरिक याचे एक मूत्रपिंड काढून त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याला बसविले. ही जगातील पहिली यशस्वी मूत्रपिंडरोपणाची शस्त्रक्रिया होय, हे पुष्कळांस ठाऊक असते. मला त्यातील दोन बारीक गोष्टी सांगावयाच्या आहेत. एक अशी की, ठणठणीत माणसावर त्याच्या स्वतःच्या हितासाठी नसलेली शस्त्रक्रिया करावी की नाही, याविषयी डॉक्टरांनी स्वतः खल केला, वडीलधाऱ्यांचे व धर्मोपदेशकांचे मत घेतले, आणि मग दोघा भावांपुढे सर्व धोके मांडले. दुसरी अशी की, शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठविली की तू येथून घरी निघून जा. रॉनल्डने उलट चिठ्ठी पाठविली की मी आलो आहे आणि येथेच राहणार आहे. एकाला नको म्हणण्याची मोकळीक होती आणि दुसऱ्याला थांबण्याची. दोघांनाही ती असणे, याचे नाव एकत्र निर्णय. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षे जगला; रॉनल्ड २०१० पर्यंत.

तिसरा पर्याय १९६० चा. सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातातील रक्तवाहिन्यांत कायमची बसवून ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी तयार केली, आणि एकाच रोग्याला आठवड्यामागून आठवडे डायलिसिस देणे शक्य झाले. आता माणूस मरणाच्या दारातून परत येऊन वर्षानुवर्षे जगू शकत होता. पण यंत्रे तीन आणि रोगी शेकडो! म्हणून तेथे सात नागरिकांची समिती नेमली. तीत वकील होता, धर्मोपदेशक होता, बँकवाला होता, कामगार पुढारी होता, एक गृहिणीही होती. वैद्यकीय दृष्ट्या योग्य ठरलेल्यांपैकी कोणी जगावे, हे ही समिती ठरवी. विवाहित की अविवाहित, मुले किती, मिळकत किती, समाजाला उपयोग किती, असे निकष लावले गेले. १९६२ साली ‘लाइफ’ नियतकालिकात शाना अलेक्झांडर यांनी हे सारे उघड केले तेव्हा वाचकांच्या अंगावर काटा आला. परक्यांनी बंद खोलीत बसून आपल्या माणसाच्या आयुष्याचा निवाडा करावा, हे कोणाला रुचेल? अखेर १९७२ च्या कायद्याने अमेरिकन सरकारने या उपचाराचा खर्च उचलला, आणि अशा निवाड्याची गरज संपली.

परंतु त्याआधीच, १९६४ साली, एक निराळी घटना घडली. वयाने लहान म्हणून त्या केंद्रात जागा न मिळालेल्या एका शाळकरी मुलीसाठी अल्बर्ट बॅब या अणुअभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही महिन्यांत घरी चालवता येईल असे यंत्र तयार केले, आणि मुलीची आई ते चालवायला शिकली. त्याच वर्षी बॉस्टनला व लंडनलाही घरगुती डायलिसिस सुरू झाले. डॉक्टरांच्या हातातील काम आई करू लागली, पत्नी करू लागली, पती करू लागला. रुग्णालयाने शंभर-सव्वाशे वर्षे बाहेर बसविलेल्या उपस्थात्याला मूत्रपिंडाच्या आजाराने हात धरून पुन्हा आत आणले.

आपल्या देशात काय चालले होते? १९६५ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात मृत व्यक्तीचे मूत्रपिंड बसविण्याचा पहिला प्रयत्न झाला. रोगी फार दिवस जगला नाही. १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी झाले. पण ‘डायलिसिस’ हा शब्द मराठी घरांत गेला तो एका राजकीय पुरुषाच्या आजारामुळे. आणीबाणीत अटकेत असता जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे निकामी झाली. नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांना सोडण्यात आले आणि मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचे डायलिसिस सुरू झाले. यंत्रासाठी देशभरातून लोकांनी रुपया रुपया पाठविला. पंतप्रधानांच्या निधीतून आलेले ९०,००० रुपये जयप्रकाशांनी परत केले. उपचार कोणता घ्यावा याबरोबरच तो कोणाच्या पैशाने घ्यावा, हेही रोग्याला ठरवायचे असते, हे त्यांनी दाखविले. प्रभावतीदेवी १९७३ मध्येच निवर्तल्या होत्या. तेव्हा शुश्रूषेचा भार सहकाऱ्यांनी उचलला. ८ ऑक्टोबर १९७९ ला पाटण्यास त्यांचे निधन झाले, तोपर्यंत हे यंत्र त्यांचे सोबती होते.

जयप्रकाशांना देश मिळाला, सामान्याला कोण? ज्याच्याजवळ पैसा होता त्याने माणूसच विकत घेतला. १९८० नंतरच्या दशकात मुंबईत मूत्रपिंडांचा बाजार भरला आणि आखाती देशांतून गिऱ्हाइके येऊ लागली. त्याला पायबंद घालण्यासाठी १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला आणि १९९५ च्या फेब्रुवारीत तो महाराष्ट्रात अमलात आला. या कायद्याने जवळचा नातेवाईक म्हणजे कोण ते ठरविले : पती वा पत्नी, आई-बाप, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे यांची भर पडली.

बाजार आटोक्यात आला हे चांगले झाले. पण आता सारा भार घरावर आला. आणि घर म्हणजे केवळ माया नव्हे. घरात सत्ता असते, मान असतो, भीड असते. २०१८ ते २०२३ या वर्षांच्या राष्ट्रीय नोंदी पाहिल्या तर जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत जवळजवळ दोन तृतीयांश स्त्रिया आहेत, आणि घेणाऱ्यांत त्या एक तृतीयांशही नाहीत. आई देते, पत्नी देते, बहीण देते. प्रेमाने देतात, हे खरेच आहे. पण त्यांतली प्रत्येकजण नको म्हणू शकत होती काय? रॉनल्डला जी चिठ्ठी आली, ती आपल्या घरातल्या किती सुनांना आली? २०१४ च्या नियमांनी याची दखल घेतली आहे : दाता स्त्री असेल तर अधिक खबरदारी घ्यावी आणि तिची स्वतंत्र संमती रोग्याव्यतिरिक्त दुसऱ्या व्यक्तीने पडताळावी. कायद्याला असे लिहावे लागले, यातच आपल्या कुटुंबपद्धतीविषयी पुष्कळ काही आले.

उलट बाजूही आहे. दात्याप्रमाणेच रोग्यालाही वगळले जाते. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका सज्ञान स्त्रीचे गर्भाशय, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन काढण्यात आले होते. जिवाला तातडीचा धोका नसता, शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय देऊ शकणाऱ्या रोग्याऐवजी आईची संमती चालणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. आई ही आईच. पण तिचे प्रेम मुलीच्या होकाराची जागा घेऊ शकत नाही.

येथे मी आमच्या नात्यातील एक हकीकत सांगतो. निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार; सारे त्यांना आबा म्हणत. मधुमेहाने मूत्रपिंडे हळूहळू थकत चालली होती. डॉक्टरांनी मुलांना सांगितले की लौकरच डायलिसिस लागेल, तेव्हा हातावर फिस्च्युला करून ठेवा. फिस्च्युला म्हणजे हातातील रोहिणी व नीला जोडून तयार केलेली रक्ताची वाट. ती वापरण्याजोगी व्हायला सहा-आठ आठवडे लागतात. मुलांनी विचार केला, आबा हाय खातील, आत्ताच सांगायला नको. दिवस गेले. एके रात्री दम लागला, धावपळ झाली, मानेत नळी घालून डायलिसिस करावे लागले. शुद्धीवर आल्यावर सारे कळले तेव्हा आबा एवढेच म्हणाले, “हात माझा, अन् मलाच ठाऊक नाही?”

मुले वाईट नव्हती. आपल्याकडे हजारो घरांत माया अशीच वागते. पुढे एकदा डॉक्टरांनी सर्वांना एकत्र बसविले, तेव्हा आबांनी जे प्रश्न विचारले ते मुलांच्या स्वप्नातही नव्हते. गोडी छाटणीच्या दिवसांत वार बदलून मिळतील का? पोटातून करतात ते डायलिसिस घरी होते म्हणतात, ते मला जमेल का? आणि शेवटी, “तुमची आई दर खेपेला बरोबर येणार. तिच्या गुडघ्यांचे काय?” माई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांना तोवर कोणीच काही विचारले नव्हते. त्या म्हणाल्या, “येईन मी. पण आठवड्यातून एक दिवस सूनबाईंनी जावे.” झाले! महिनाभर अडलेली गोष्ट पाव तासात सुटली, कारण ज्यांचा प्रश्न होता ते प्रथमच एकमेकांसमक्ष बोलले.

आज रुग्णाला पर्याय पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत. २०१२ साली राज्यात राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, २०१३ मध्ये ती सर्व जिल्ह्यांत आली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रोग्यांना जिल्हा रुग्णालयांत ही सेवा मोफत मिळू लागली. आपल्या नाशिकला विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे आणि १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठही आहे. तरीही हिशेब करून पाहा : आठवड्यातून तीन वेळा, दर खेपेस चार तास, म्हणजे वर्षाला १५६ दिवस. सुरगाणा वा पेठ तालुक्यातल्या पाड्यावरून शहरात यायचे तर दिवस संपूर्ण जातो, आणि एकाचा नव्हे, दोघांचा. दोघांची मजुरी बुडते. उपचार मोफत असला तरी सोबत मोफत नसते. म्हणून रुग्णालयातील डायलिसिस, घरी पोटातून रोज तीन-चार वेळा करायचे डायलिसिस, रोपण, अथवा वय फार झाले असेल तर यंत्रावाचून त्रास कमी ठेवणारी शुश्रूषा, यांतला कोणता मार्ग कोणाला बरा, हे केवळ रक्ताच्या तपासणीवरून ठरत नाही. घर किती दूर आहे, खोली स्वच्छ ठेवता येते का, सोबतीला कोण आहे, आणि रोग्याला काय महत्त्वाचे वाटते, यांवरून ते ठरते. यातली पहिली माहिती डॉक्टरजवळ असते, दुसरी घरच्यांजवळ आणि तिसरी फक्त रोग्याजवळ. तिघे एकत्र बसल्याखेरीज ती जुळणार कशी?

थांबण्याचा निर्णयही यातच येतो. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शेवटच्या आजारातील उपचारांविषयी आगाऊ इच्छापत्र करण्याचा हक्क मान्य केला, आणि २०२३ च्या जानेवारीत त्याची रीत सोपी केली. याविषयी बोलणे आपल्याकडे अभद्र समजतात. परंतु आपण वेळेवर बोललो नाही, तर पुढे बेशुद्ध बापाच्या खाटेशी दोन भाऊ भांडत उभे राहतात, आणि त्यांतला प्रत्येकजण बापाच्याच नावाने बोलत असतो.

तेव्हा या इतिहासातून घ्यायचे काय? यंत्र १९४३ साली निघाले, रोपण १९५४ साली झाले. ही कामे बुद्धिमान माणसांनी केली आणि ती आपल्यापर्यंत तयार पोचली. पण रोगी, घरचे माणूस आणि डॉक्टर यांनी एका बाकावर बसून बोलणे, हे कोणी शोधून आपल्याला आणून देणार नाही. ते प्रत्येक घराने स्वतः करायचे आहे, आणि लौकर करायचे आहे. रात्री दम लागल्यावर नव्हे. डॉक्टरांनी सोप्या मराठीत सांगावे आणि काय समजले ते रोग्याकडूनच वदवून घ्यावे. घरच्यांनी रोग्याच्या वतीने उत्तर देण्याची घाई करू नये. रोग्यानेही सोबतीच्या माणसाचे गुडघे विसरू नयेत. चरकाने चार पाद सांगितले. पाद म्हणजे पाय. खाटेचा एकच पाय उंच केला तर निजणारा खाली घसरतो, मग तो पाय वैद्याचा असो की मायेच्या माणसाचा. आज घरी गेल्यावर, ज्यांच्या घरी असा दुखणाईत आहे त्यांनी त्याला एवढेच विचारावे : तुम्हांला काय वाटते? आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.